भावजींचं लांब क्लॅरिनेट

माझे भावजी पडद्यांच्या दुकानात मापं घेतात. खिडकी दिसली की टेप बाहेर. एवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर जी मिजास केली, ती पूल बांधणाराही करणार नाही. त्यांचे पडदे नेहमी चार बोटं जास्तच येतात आणि जमिनीवर लोळतात, कारण आखूड वस्तू दरिद्री दिसते असं त्यांचं ठाम मत आहे.

ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, त्या घरात स्वतःचं असं एकच होतं, रविवारची दुपार. ती पियानोला बसायची, मी व्हायोलिन घ्यायचे, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई बासरी. पुस्तक एकच, पियानोवर उभं केलेलं. आम्ही दोघी ताईच्या खांद्यावरून वाचायचो. वाजवायचो यथातथाच, पण ताई हसायची. एरवी आठवडाभर ती हसलेली मला आठवत नाही.

भावजींना तिथेही नाक खुपसायचं होतं. शाळेच्या बँडात म्हणे ते क्लॅरिनेट वाजवत. बिचाऱ्या ताईला आनंदच झाला. "घ्या की," ती म्हणाली. "फक्त सी क्लॅरिनेट घ्या, म्हणजे आमच्या पुस्तकातलं जसंच्या तसं वाजवता येईल. साधं प्लॅस्टिकचं चालेल." आणि लक्ष ठेवायला तिने मला सोबत धाडलं.

दुकानदाराने दोन काढली, दोन्ही स्वस्तातलीच. सी क्लॅरिनेट काळं, साधं, जरासं आखूड. दुसरं बी फ्लॅट, लांब आणि चकचकीत. भावजींनी टेप काढली. दुकानदार बघतच राहिला.

"हे कमी भरतंय," भावजी म्हणाले.

"सी असंच असतं. लांबडं घेतलंत तर पुस्तकातला प्रत्येक सूर एक सूर खाली वाजेल. पियानोशी जुळायचं नाही."

"भावजी, ताईने सी सांगितलंय," मी म्हणाले.

"तेवढ्याच पैशांत जास्त मिळतंय, आणि तुम्ही मला पोरांचं खेळणं घ्यायला लावताय," म्हणत त्यांनी लांबडं काखेत मारलं. मूर्खपणाला माप असतं तर त्या दिवशी टेप अपुरी पडली असती.

रविवारी व्हायचं तेच झालं. आम्ही एकीकडे, हे एक सूर खाली. "तुमचं सगळ्यांचं वर लागलंय," भावजी म्हणाले. ताईने हळूच सुचवलं, प्रत्येक सूर एक सूर वर धरून वाजवा. "छापलंय तेच वाजवणार." मग बदलून आणा म्हटलं, तर, "मापात मी चुकत नाही." कानांवरचा तो अत्याचार शिंपीणबाईंनी काही रविवार सोसला, मग त्या यायच्या बंद झाल्या. मीही व्हायोलिन न्यायचं सोडलं.

परवा सहज गेले तर दोघं वाजवत होती, आणि चक्क जुळत होतं. पुस्तक तेच, पान तेच. ताई समोरचं वाचत एकेक सूर मनातल्या मनात खाली उतरवून वाजवत होती. कपाळ घामाने भिजलेलं.

"बघ," भावजी क्लॅरिनेट पुसत म्हणाले, "आली की नाही तुझी ताई शेवटी सुरात?" त्या माणसाची मला मनापासून किळस आली.

ताई चहा टाकायला उठली. मी मागोमाग गेले.

"सांग ना त्यांना, की तू खाली येतेस म्हणून जुळतंय."

"कशाला?" ताई कप मांडत म्हणाली. "जमिनीवर लोळून पडदे मळलेत, ते परत धुवायला काढलेत, त्यात तूही धुसफुसू नकोस. जा, त्यांना साखर किती ते विचार."