तेंदूपानांचा तास

शेजारी कुणी विडी पेटवली, की त्या वासाबरोबर मला पन्नासच्या दशकातला चांद्याच्या कॉलेजातला एक तास आठवतो. मी पुण्याहून नवा आलेला प्राध्यापक, आणि व्यवस्थापनाची तोंडओळख करून देणारा नवाकोरा विषय माझ्या गळ्यात पडला होता. सुट्टीभर खपून मी टिपणं काढली होती, ती सगळी विलायती कारखान्यांची. आठवडाभर वर्ग मख्खपणे ऐकत राहिला. शनिवारी प्राचार्य येऊन मागच्या बाकावर बसले; विषय ठेवायचा की बंद करायचा, ते त्या तासावर ठरणार होतं. कामाची वाटणी समजावताना मी टिपणातली एकच ओळ दोनदा वाचली. तेवढ्यात अहेरीकडचा एक विद्यार्थी उठला. "सर, कारखाना आमी कोनीच नाई पाह्यला. तेंदूपानं वाळवतेत, तिथचं सांगू का?" मी खडू त्याच्या हातात दिला. उन्हात मांडलेल्या, विडीच्या पानांच्या पुड्यांच्या लांब रांगा त्यानं फळ्यावर काढल्या. "ढग आले का ज्याची जी रांग, त्यानं तेच उचलाची. बाजूवाल्याले मदत कराले गेला त दोघाईचे पुडे भिजते. मुकादम काईच उचलत नाई, तो आभाळ पाह्यते." वर्ग हसला, आणि मग प्रश्नांवर प्रश्न येऊ लागले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. जाताना प्राचार्य म्हणाले, "उदाहरण छान शोधलंत." सुटकेच्या आनंदात मी नुसती मान डोलावली. विषय टिकला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी पहिला तास त्याच रांगांनी सुरू केला, पण त्या कुणी काढल्या होत्या, ते आधी सांगून.