वाढत्या अंगाचं माप

शिंपीणबाईंनी शिवलेला फ्रॉक कुठल्याही पोरीला पहिल्या वर्षी कधी नीट बसला नाही. खांदे उतरलेले, घेर पायात. कुणी कुरकुरलं की बाई ओठांतली टाचणी काढून म्हणायच्या, "वाढत्या अंगाचं आहे, राहू दे. पुढच्या वर्षी माझं नाव काढशील." आणि पोरी वाढायच्याच की!

त्यांची स्वतःची ठमी मात्र नऊ वर्षांची झाली तरी तिला वाचता येईना. शाळेनं हात टेकले. नशीब एवढंच, की शिकताना अडणाऱ्या मुलांच्या केंद्रातल्या एक ताई दर आठवड्याला घरी येऊ लागल्या. औषध नाही, छडी नाही. झोप वेळेवर, सकाळी मैदानात उड्या, जाड कापडाच्या अक्षरांवरून बोट फिरवायचं, बटणं मांडून बेरजा करायच्या. आणि एक वही. आठवड्यात पोरीला काय जमलं ते आईनं त्यात लिहायचं.

बाईंनी कशात कसूर ठेवली नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी मशीन थांबवून त्या पोरीजवळ बसत. ती चुकली तरी आवाज चढवत नसत, आणि बाईंचा आवाज काय चीज आहे ते गल्लीला विचारा! ठमी पाच शब्द वाचायला शिकली. खरोखर शिकली. बाईंनी वहीत आठ लिहिले.

लबाडी म्हणाल तर तशी नव्हती. हाताची सवय. पोर वाढतेय, महिन्याभरात आठ होतीलच, मग आज बेतताना थोडं जास्त धरलं तर कुठे बिघडलं? पुढच्या महिन्यात ठमी सहावर होती न् वही पंधरावर. ताईंसमोर पोर अडली की बाई म्हणायच्या, "तुम्हाला बुजते हो, एरवी घडाघडा वाचते." झाकली मूठ सव्वा लाखाची!

वर्ष सरताना ते अंगाशी आलं. केंद्राचं पत्र आलं: चाळीस शब्द, दोन गोष्टी, प्रगती उत्तम, तेव्हा ताईंचं येणं बंद. त्यांची वेळ रांगेतल्या दुसऱ्या मुलीला दिली होती. ठमीचा हात धरून त्या तडक केंद्रावर गेल्या.

केंद्राच्या मुख्य बाईंनी वही पुढं सरकवली. "अक्षर तुमचंच ना? मग तक्रार कसली?"

ठमी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिला बाहेर पाठवायचं शिंपीणबाईंना सुचलंच नाही.

"तिला येत नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस नाही. सात. तेही कधी कधी. ताईंशिवाय माझ्याच्यानं नाही व्हायचं हो!"

ठमीचे पाय थांबले.

मुख्य बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसरीला दिलेली जागा कशी काढून घेणार? नाव पुन्हा यादीत घातलं. वर्ष तरी लागेल, म्हणाल्या.

दोघी फाटकाशी आल्या. ठमीनं हात सोडवून घेतला. "आई, मला येत नाही? मग रोज शाबास का म्हणायचीस?"

बाईंना रडू फुटलं. भर रस्त्यात, लोक बघत असताना. "सात येतात गं," त्या म्हणाल्या. "सात अगदी खरे येतात."

"खरे?" ठमीनं विचारलं. बाईंनी तिच्या गळ्याची शपथ घेतली, तरी तिचा विश्वास बसला नाही.