पुठ्ठ्याच्या पानांची सीप

आमच्या घरात पत्त्यांचा एकच खेळ होता, सीप. मुकुटबनच्या बाजूला आमचं गाव; तिथं तो दुसरं कुणी खेळत नसे. पारावर तीन पत्ती चाले, सुटीत पोरं बदाम सात मांडत. सीप आणली बाबांनी. लग्नाआधी ते वणीकडं कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होते. खाणीपुढं गाड्यांची रांग लागली की पंजाबी ड्रायव्हर ताडपत्री अंथरून डाव मांडत आणि भिडू कमी पडला की बाबांना बसवत. पुढं ट्रक सुटला, खेळ तेवढा राहिला.

खेळ बेरजेचा आहे. जमिनीवर पानं उघडी पडलेली असतात. हातातल्या पानाइतकी बेरीज खाली जमली की ती पानं उचलायची. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. जमत नसेल तर घर बांधायचं. म्हणजे खाली पंजी आहे आणि हातात चौकी नि नव्वी आहे, तर पंजीवर चौकी ठेवायची, ‘नवाचं घर’ म्हणायचं आणि पुढच्या पाळीला नव्वीनं ते उचलायचं. तोवर समोरचा त्यावर दुर्री टाकून अकराचं करून आपल्या गुलामानं पळवू शकतो. म्हणून कुणाचं काय खाली आलं, कुणाकडं काय उरलं, हे डोक्यात ठेवावं लागतं. शेवटी इस्पिकाच्या पानांची बेरीज, बाकीचे तीन एक्के आणि चौकट दश्शीचे सहा, असे शंभर गुण वाटले जातात. ही बेरीज आई करायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिची बेरीज कधी कुणी पुन्हा केली नाही.

आधी हा खेळ दिवाळीपुरता असे. बाबा मारेगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जात. पण कापसाची ती वर्षं वाईट होती. बोंडं किडत, बाजार लांबे, जिनिंग उशिरा सुरू होई आणि सुरू होऊन बंद पडे. बाबा दिवसाउजेडी घरात दिसू लागले. आईला कुणाच्या वावरात काम नसलं की दुपारी चादर अंथरली जाई. मी आणि धाकटा भाऊ एका बाजूला, आईबाबा दुसऱ्या.

मी सातवीनंतर घरीच होते. आठवीला बसनं जावं लागे, बस भरवशाची नव्हती, आणि आई कामाला गेली की घर बघायला कुणीतरी हवं होतं. भाऊ पाचवीत होता. त्या वर्षी गुरुजींनी सांगितलं की जिल्ह्याला एक सरकारी निवासी शाळा आहे. पाचवीतल्या पोरांची परीक्षा घेतात, निवड झाली की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. मी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. भाऊ तिथं लागला नाही, तर तोही माझ्यासारखा दोन वर्षांनी घरी बसणार, हे मला दिसत होतं. अडचण अशी, की तो गणितात कच्चा होता. फळ्यावरच्या आकड्यांना तो भ्यायचा. पानांना मात्र भीत नव्हता.

एक दिवस गुरुजींनी वर्गात विचारलं, सात नि पाच किती. भाऊ उठून म्हणाला, “राणी.”

शाळा सुटल्यावर गुरुजी सायकल घेऊन थेट आमच्या दारात.

“पोट्ट्याच्या हातात पत्ते देता तुमी? पारावर काय चालते ते दिसून नाही राह्यलं काय?”

बाबा म्हणाले, “पैशावर नाही खेळत, गुरुजी. घरातल्या घरात आहे.”

“पारावरच्यायनंबी घरातूनच सुरू केलं होतं. हे पाहा, परीक्षेले नाव मी देणार आहे. पत्ते ज्या घरात, त्या घरचं नाव मी नाही देत.”

बाबा उठले. कोनाड्यातला पत्त्यांचा जोड काढला आणि गुरुजींच्या समोर चुलीत घातला. गुळगुळीत पानं होती, लवकर पेटली नाहीत. गुरुजी राजे-राण्या जळेपर्यंत थांबले आणि चहा न घेता गेले. त्या रागाबद्दल आज मी त्यांची ऋणी आहे, पण तेव्हा मी आत जाऊन रडले होते. भाऊ ज्यातून बेरीज शिकत होता, तेच गेलं होतं.

उपाय आईनं काढला. कृषी केंद्राच्या मागं बियाण्याची रिकामी खोकी पडलेली असत. ती दोन खोकी डोक्यावर घेऊन आली.

“पत्ते नाही पाह्यजे ना गुरुजीले? मंग आकडे कापा. त्याले कोण नाही म्हणन?”

बाबांनी कात्रीनं पुठ्ठा कापला. मी पेननं एक ते तेरा आकडे घातले, असे चार वेळा. इस्पिकाच्या जागी कोळशाचा ठिपका दिला, चौकट दश्शीला फुली मारली. राजा नाही, राणी नाही. भावाला ते जड गेलं. सत्तावीस म्हणजे दोन राजे नि एक्का, अशी त्याची रीत होती. आता त्याला सत्तावीस म्हणायला लागायचं. हळूहळू म्हणू लागला.

पण कापताना एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. खोक्यावर चित्र होतं. फुटलेलं बोंड, हिरवी पानं, एक मिशीवाला शेतकरी, मोठाली अक्षरं. त्यामुळे प्रत्येक पानाची पाठ वेगळी झाली. आठवडाभरात चौघांनाही त्या सगळ्या खुणा पाठ झाल्या. कुणाच्या हातात काय आहे हे चौघांनाही समोरून दिसायचं.

बाबा हसून म्हणाले, “घ्या. आता लपवाले काईच नाही राह्यलं.”

दुसरी खोकी आणू, असं मी म्हटलं. आई म्हणाली, “कायले? असंच खेळू.”

आणि खेळ बदलला. नशिबाचा भाग जवळजवळ गेला. मी हे उचललं तर आई ते टाकणार, मग बाबा घर वाढवणार, मग आपल्याला काय उरणार, एवढं सगळं आधी मनात मांडून पान टाकावं लागे. मला भीती वाटायची की भावाला हे झेपणार नाही. मी चादरीवर हळूच त्याला पायानं खुणावायची.

“पायानं नको बोलू व पोरी,” आई म्हणायची. “त्याले तोंड आहे, डोस्कं आहे.”

मी पाय आखडून घेई. आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं, की तो माझ्या खुणेच्या आधीच पान काढून बसलेला असतो.

गुरुजींना हे कळलंच. एका दुपारी दारात येऊन उभे राहिले. बाबा त्या दिवशी बाहेर होते. आम्ही तिघं चादरीवर.

“हे काय?”

“गणित चालू आहे, गुरुजी,” आई पदर सावरत म्हणाली. “भिडू कमी आहे. बसता काय?”

मला वाटलं, झालं, आता नाव गेलं. गुरुजींनी चपला काढल्या आणि आईच्या समोर, तिचे भिडू म्हणून बसले. मी नियम सांगितले. दोन पाळ्या झाल्या, आणि भाऊ म्हणाला, “गुरुजी, नऊ धरून कायले बसले? खाली सहा अन् तीन आहे ना.”

“तुले काय माहीत, माह्यापाशी नऊ आहे म्हणून?”

“मांगं अर्धी मिशी आहे ना.”

गुरुजींनी पान उलटून पाहिलं. मग हातातली सगळीच उलटून पाहिली.

“अन् हे?”

“बोंडाचा देठ. चार. त्याच्या बाजूले ‘ध’ आहे, थे अकरा.”

“असं असन तर मंग खेळाले मजा काय?”

“मजा गेली ना, गुरुजी,” आई म्हणाली. “हिशोब तेवढा राह्यला.”

डाव गुरुजी हरले. जाताना त्यांनी भावाला दारात तीन-चार तोंडी हिशेब घातले. त्यानं सांगितले. नाव देतो असं ते बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भावानं शाळेतून अर्जासाठी फोटो मागितल्याचा निरोप आणला.

परीक्षा वणीला होती. बाबा आणि मी दोघंही गेलो. मी फाटकाबाहेर उभी होते. बाबा म्हणाले बस, मी बसले नाही. भाऊ बाहेर आला तो शेंगदाणे मागत.

“सगळे सोडवले काय?”

“एक सोडून.”

“काहून? तो काहून सोडला?”

“राहू देला खाली. माह्यापाशी पान नव्हतं त्याचं.”

बाबा हसले. मी घरी येईस्तोवर त्या एका गणितावरच अडून होते. आता मी वापीला कामाला आहे आणि अजूनही माझं हे असंच आहे. जे झालं ते सोडून जे राहिलं तेच मोजत बसते.

निकाल गुरुजींनीच आणला. सायकल लावली, पाणी मागितलं, प्याले, आणि मग म्हणाले, “लागला.”

“यादीत पाह्यलं तुमी?” बाबांनी विचारलं.

“दोनदा पाह्यलं.”

आईनं पहिलं विचारलं, “तिथीसा याले जेवाले कोण वाढन?”

भाऊ गुरुजींकडं बघत होता. म्हणाला, “गुरुजी, ताईचंबी नाव द्या ना. थे माह्याहून चांगली खेळते.”

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला. “थे परीक्षा पाचवीतल्यालेच देता येते रे बाबू.”

“मंग तवा काहून नाही देल्लं?”

गुरुजींनी तांब्या पुन्हा उचलला. बाबा अंगणाकडं बघत राहिले. मला वाईट वाटलं असं आठवत नाही. तो लागला होता, आणि इतके महिने छातीवर जे होतं ते उतरलं होतं. फक्त हे कुणीतरी विचारलं, याचं नवल वाटलं.

जूनमध्ये बाबांनी बाजारातून पत्र्याची पेटी आणली. ती मी भरली. दोन चादरी, टॉवेल, तेलाची बाटली, आईनं केलेल्या शेवया. भाऊ उंबऱ्यावर बसून हे नको, ते नको करत होता. पेटीचं कुलूप नीट बसत नव्हतं. मी ते लावलं, ओढून पाहिलं, उघडलं, आणि पुन्हा लावलं.

“झालं ना ताई,” तो म्हणाला. “बस निघून जाईन.”