ज्या नावाला मी ‘हो’ म्हटलं

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी दुसरं लग्न केलं आणि वळ गावातून काल्हेरला, यांच्या घरी राहायला आले. माझा पहिला नवरा कापडाच्या लूमवर मुकादम होता. चौदा वर्षांपूर्वी ड्युटीवरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. त्यानंतर मी राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात लागले. हे तिथे सुपरवायझर होते. यांची बायको सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. मूलबाळ दोघांनाही नाही.

आडनावाचं काय, ते लग्नात राहूनच गेलं. हे म्हणाले, “तुझी मर्जी. माझं काही म्हणणं नाही.” मला वाटलं, घर बदललंय, नावही बदलू. फॉर्म आणून ठेवला.

पण त्या स्वयंपाकघरात मी एकटी नव्हते. मांडणीवरच्या प्रत्येक भांड्यावर तिचं, यांच्या पहिल्या बायकोचं, नाव कोरलेलं होतं. आधी तिचं, मग यांचं, मग आडनाव. घासताना अक्षरं बोटांना लागायची. फॉर्म भरला असता तर माझ्या नावातले तीनपैकी दोन शब्द तिचेच झाले असते. वळहून मी आणलेल्या चार डब्यांवर माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाव होतं. हे भांडी लावायचे तेव्हा त्याचे डबे तिच्या डब्यांत अगदी नीट बसायचे. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मतदार यादी तपासायला एक बाई आल्या. मी दार उघडलं. त्यांनी कागदावरून तिचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, “तुम्हीच का?”

मी म्हटलं, “हो.”

का म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही. बाईंनी नावापुढे खूण केली आणि त्या शेजारच्या दाराशी गेल्या. त्यांना हाक मारायला हवी होती. मी मात्र मागे वळून स्वयंपाकघराकडे बघत राहिले, पदराला हात पुसत कुणी बाहेर येतंय का म्हणून.

यांना काही बोलले नाही. रविवारी वळ गावी पहिल्या सासूबाईंकडे गेले. त्या आता धाकट्या दिरापाशी असतात. माझ्या लग्नाला त्यांनीच आधी होकार दिला होता. हल्ली मात्र त्यांना सगळं आठवत नाही. खाटेच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या, बाकीची खाट मोकळी ठेवून.

“आई, मला जरा विचारायचं होतं...”

“हलू बोल गो,” त्या म्हणाल्या. “निजलाय तो. रातपाली करून आलाय.”

मी आवाज खाली आणला. त्यांची समजूत राखायला नव्हे. चौदा वर्षांपूर्वी गेलेला तो खरंच जागा होईल असं मला वाटलं. कुजबुजत विचारलं, “तुमचं आडनाव सोडू का मी?”

त्या म्हणाल्या, “त्याला नको इचारू. नाव तुझा हाय. तुला त्या नावानी कोनी हाक मारली नि तू वलून बघशील, तं ठेव.”

परत आल्यावर यांना त्या दुपारची गोष्ट सांगितली. वाटलं, चिडतील. हे खाली बसले. म्हणाले, “मीच काढलं नाही गं यादीतून तिचं नाव. सहा वर्षं झाली. मृत्यूचा दाखला कपाटात आहे. नेऊ म्हणायचो, नेत नव्हतो.” मग म्हणाले, “तू आमचं आडनाव नको लावू. कुणी ते पुकारलं की मीपण आत बघतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दाखला घेऊन मतदार यादीच्या ऑफिसात गेलो. यांनी नाव काढायचा अर्ज भरला. ‘मयत’ हा शब्द लिहिताना पेन दोनदा उचललं. क्लार्कने माझं कार्ड मागितलं. पत्ता यांचा, आडनाव पहिल्या नवऱ्याचंच.

“या कोण तुमच्या?”

हे जरा अडखळले. मग म्हणाले, “माझी बायको.”

क्लार्कने अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.