आप्पांची गुडघ्याची सुई

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, आणि नोकरी मिळाली तीही विम्याच्या खिडकीतली. बेळगावातल्या एका दवाखान्यात मी पेशंटच्या आजाराचा कोड टाकते, औषधाचा कोड टाकते, विमा कंपनीला पाठवते आणि तिकडून आलेल्या खुसपटांना उत्तरं देत बसते. हार्मोनची इंजेक्शनं म्हटली की खुसपट ठरलेलं. एकच इंजेक्शन चार आजारांना चालतं, आणि कंपनीला त्यातला नेमका भलताच आजार दिसतो.

हिंडलग्याचे एक आप्पा दर तीन महिन्यांनी असल्याच इंजेक्शनला यायचे. एकेकाळचे पैलवान, कान मोडलेले, मिशा अजून ताठ. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. घरी मात्र त्यांनी गुडघ्याची सुई म्हणून सांगून ठेवलेलं.

"माघात नातीचं लगीन हाय," पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता. "तवर कुणाच्या कानावर गेलं न्हाय पायजे. लग्नघरात रडारड नको मला."

गेल्या हिवाळ्यात कंपनीनं त्या इंजेक्शनची मंजुरीच नाकारली. का, तर हे औषध वंध्यत्वावर वापरतात आणि पॉलिसीत वंध्यत्व बसत नाही. सुई लांबवून चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी आप्पांना उत्तर वाचून दाखवलं.

"म्हंजे काय गं?"

"म्हणजे मूल व्हावं म्हणून तुम्ही सुई घेताय, असं म्हणतायत ते."

आप्पांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मला? आता? म्हातारीला कळलं तर घरातनं हाकलंल की मला!"

रिपोर्ट मी दोनदा जोडले होते, तिसऱ्यांदा जोडले. डोळे आहेत का बटणं, देव जाणे, पुन्हा तेच उत्तर. उद्या कंपनीचे डॉक्टर फोन करतील, असंही खाली लिहिलेलं. "आप्पा, उद्या या," मी वैतागून म्हटलं. "त्यांना अजून पुरावा पाहिजे."

पुरावा म्हटल्यावर माझ्या डोक्यात कागद होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात टेम्पो लागला. आजी, तीन लेक, सुना, लेकी, जावई, नातवंडं आणि कडेवर एक पणतू. वॉचमन कानडीत "सर्री, सर्री" म्हणून त्यांना मागं रेटत होता आणि स्वतःच मागं सरकत होता.

आप्पा खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "विमावाल्यास्नी घरची माणसं बघायची हायत म्हणून सांगून आणलंय. दोघं शेतात हायत, ती बी धर. वंध्यत्व म्हणं!"

मला हसू आवरेना. तोवर थोरली सून पुढं आली. ती बालवाडीची बाई, आवाज खणखणीत. "मॅडम, त्या गुडघ्याच्या सुईचं काय तरी बघा. ह्या थंडीत मामंजी फॅन लावून बसत्यात. घाम येतोय म्हणं! आम्ही गोधडीत कुडकुडतोय. मी बंद करायचा, त्यांनी लावायचा, रोज भांडण."

तो घाम त्या इंजेक्शनचाच होता. मी नुसतं "हं" म्हटलं.

तेवढ्यात कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. आमचा तो मेला फोन फक्त स्पीकरवरच ऐकू येतो. अख्खं खानदान खिडकीला चिकटलं.

"मॅडम, ये तो इन्फर्टिलिटी का इंजेक्शन है."

"सर, पेशंट आजोबा हैं," मी दात आवळून म्हटलं. "पणतू है उनका!"

"तो फिर बीमारी क्या है? साफ बोलिए, अभी अप्रूव करता हूँ."

आप्पांच्या मिशा पहिल्यांदाच मला खाली आलेल्या दिसल्या. मी बोलले नाही तर सुई बुडते, बोलले तर लग्नघरात रडारड. कंपनीच्या सात पिढ्यांचा मी मनात उद्धार केला, आणि रोज टाकून टाकून हाताला पाठ झालेला त्या कॅन्सरचा कोडच तोंडातून बाहेर पडला.

"सी सिक्स्टी वन."

पलीकडं कीबोर्ड खडखडला. मग म्हणाले, "सॉरी मॅडम. अप्रूव्ड."

"सी शिष्टी काय म्हणाली गं ती?" आजींनी विचारलं.

"नंबर आला माझा," म्हणत आप्पा तरातरा आत गेले. गुडघ्याचं दुखणं सांगितलेला माणूस असा पळतो होय! अहो, जरा लंगडा तरी, असं ओरडावंसं वाटलं मला.

थोरली सून बाकावर बसली होती. "सी सिक्स्टी वन" पुटपुटत तिनं मोबाईलवर टाईप केलं, वाचलं, परत वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागले. तिनं पदरानं डोळे टिपले, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पोरांवर खेकसली, "गप बसा की रं जरा!"

आप्पा सुई घेऊन बाहेर आले.

"मामंजी, गुडघा लई दुखतोय काय?"

"दुखतोय की."

"चला. घरी गेल्यावर फॅन लावून देते तुमचा. कुणी बंद करणार न्हाय आता."

"आज सूर्य कुठनं उगवला म्हणायचा!" आप्पा खूश झाले आणि आता कुठं त्यांना लंगडायची आठवण झाली. त्यांच्या हाताला धरून, त्यांच्या लंगडण्याच्या चालीनं, थोरली सून त्यांना टेम्पोपर्यंत घेऊन गेली.