डोंगऱ्यांना आत बसवा

आयटी कंपनीच्या ॲडमिनमध्ये अठरा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. एक, कुणीही परत न नेलेले जेवणाचे डबे आणि दोन, किस्से. निवृत्त होताना डबे मी भंगारवाल्याला दिले. किस्से त्याने घेतले नाहीत, तेव्हा आता तुम्ही ऐका!

यातले बरेचसे आमच्या गेटवरच्या डोंगऱ्यांचे आहेत. डोंगरे मूळचे वाशीमकडचे, राहायला वाघोलीला, नोकरी सिक्युरिटी एजन्सीची. म्हणजे रोज उभे आमच्या दारात, पण कागदोपत्री आमचे नव्हेत.

*

मुंबईत लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा आमचे व्हीपी केळकर साहेब मला म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण मुंबईहून ट्रेनिंगला येणारे लोक उद्या पोचतील ना?" तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुन्हा अप्रेझलच्या गप्पा सुरू झाल्या.

पुढे दोनेक वर्षांनी मुंबईतच मोठ्या हॉटेलांवर हल्ला झाला. या वेळी मात्र कुणी कामाला हात लावेना. प्रोजेक्टरवर बातम्या लावल्या. केळकर साहेब खुर्चीतून हलले नाहीत. "अहो, त्या लॉबीत मी बसलोय! कॉफी घेतलीय तिथे!" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मला त्याचंच तर कुतूहल वाटलं. मुंबईतल्या त्या गाड्यांनी तर ते कॉलेजची चार वर्षं रोज गेले होते!

*

मग श्रद्धांजली. मेणबत्त्या आणायचं काम अर्थातच ॲडमिनचं. "सुगंधी नकोत, पांढऱ्या आणा, फोटोत बऱ्या दिसतात," अशी एचआरची सूचना आली. संध्याकाळी सगळे लॉनवर जमले. एक मेणबत्ती मी डोंगऱ्यांच्याही हातात दिली.

"कोनासाठी, मॅडम?"

"हॉटेलांत गेले त्यांच्यासाठी."

डोंगऱ्यांनी ज्योतीभोवती नीट हात धरला. मग हळूच म्हणाले, "आन् गाडीतल्यायची कवा लावली होती? मी सुट्टीवर होतो वाटते."

मी म्हटलं, वारा आहे, मेणबत्ती सांभाळा.

*

दुसऱ्या आठवड्यात फर्मान निघालं: गेटवर प्रत्येकाची तपासणी! डोंगऱ्यांनी 'प्रत्येकाची' हा शब्द मनावर घेतला आणि पहिल्याच सकाळी केळकर साहेबांची गाडी थांबवून डिकी उघडायला लावली. आत गोल्फच्या काठ्या निघाल्या.

साहेबांचा मला फोन. "मी काय दहशतवादी दिसतो?"

मी धावत खाली गेले. डोंगरे शांत. "मॅडम, ते कसे दिसतात ते साहेबालेच इचारून ठेवा. म्हनजे बाकीच्यायले सोडून देतो."

हे मी वर कळवलं नाही. पण संध्याकाळी सुधारित नियम आला. चारचाकीला सलाम, दुचाकीची डिकी आणि पायी येणाऱ्यांचे डबे उघडायचे. मी बसने कोथरूडहून यायचे, त्यामुळे पुढची दोन वर्षं माझ्या डब्याचं झाकण रोज उघडलं गेलं. "आज बी भेंडीच, मॅडम?" ही माझी हजेरी!

*

त्याच दिवसांत डोंगऱ्यांच्या बायकोचा, मंगलाताईंचा, मला फोन आला. बाई आधी रडल्या, मग बोलल्या.

"ताई, आमच्या ह्यायले आत कुठीतरी बसवा ना. टीव्हीवर दाखवलं, सगळ्यात आधी दारावरच्या मानसाले मारलं. दोन लेकरं हायेत हो आम्हाले."

मी शब्द दिला. टपालखोलीसाठी विचारलं, स्टोअरसाठी विचारलं. शेवटी एचआरच्या मुलाला गाठलं. तो म्हणाला, "मॅम, डोंगरे आत बसले तर गेटवर कोण?"

"दुसरा कुणीतरी."

"मग त्याच्या बायकोचा फोन येईल!"

मला राग आला आणि मी तशीच परत फिरले. मंगलाताई मात्र दर सणाला फोन करून विचारायच्या, "बसवलं का आत?"

*

आणि मग एका संध्याकाळी आपल्या पुण्यातच स्फोट झाला. खाण्यापिण्याची जागा, तरुण मुलांची गर्दी. आमची मुलंही तिथे जायची, त्यामुळे सगळ्यांचाच धीर सुटला. एचआरने यादी काढली. एकेकाला फोन करायचा आणि नावापुढे 'सेफ' लिहायचं. आठपर्यंत सगळी नावं झाली, केळकर साहेबांनी परदेशात मेल टाकली, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी पोहोचल्यावर आठवलं, एजन्सीचे लोक यादीत नव्हतेच. मी डोंगऱ्यांना फोन लावला.

"डोंगरे, बरे आहात ना?"

"हो मॅडम! एकदम बरा!" आवाज केवढा फुलला होता!

"मग सकाळी ड्युटीवर येताय ना?"

हे मीच बोलले. दुसरं कुणी नाही. अजून लाज वाटते.

*

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरून काम करायची मुभा मिळाली. म्हणजे ज्यांच्याकडे लॅपटॉप, त्यांना घाबरायची परवानगी. डोंगऱ्यांकडे काठी होती, त्यामुळे ते हजर. माझ्याकडे किल्ल्या होत्या, त्यामुळे मीही.

नऊ वाजता केळकर साहेबांचा घरून फोन. "रिसेप्शनला कुणीतरी बसवाच हो. क्लायंट काळजीने फोन करतायत." रिसेप्शनची मुलगी घरी. मला वर जनरेटरवाल्याशी बोलायचं होतं. मी गेटवर गेले आणि म्हटलं, "डोंगरे, चला, आत बसा."

त्यांनी पायपुसण्यावर बूट दोनदा घासले. फिरत्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. पहिला फोन मंगलाताईंना. "आत बसलो वं! एसीत!" पलीकडून त्या काय म्हणाल्या कोण जाणे, पण डोंगरे बराच वेळ नुसते हसत होते.

मी त्यांना एक वाक्य शिकवलं. "ऑल सेफ, सर." त्यांनी चार वेळा घोकलं. मी जिन्याकडे वळले, तोच फोन वाजला.

डोंगरे उठून उभे राहिले, स्पीकरचं बटण दाबलं आणि सवयीने सलाम ठोकला. पलीकडे अमेरिकेतला कुणी गोरा साहेब. सगळे ठीक आहेत ना, विचारत होता.

"ऑल सेफ, सर!"

"थँक गॉड!" त्याला मनापासून हायसं वाटलं असावं. "इज एनिबडी इन द ऑफिस टुडे?"

डोंगऱ्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रिकाम्या टेबलांच्या रांगा शेवटपर्यंत नीट न्याहाळल्या.

"नो सर," ते म्हणाले, "नोबडी."