थोरलीची घागर

आमच्या थोरल्या जावंला पाणी आणायला सगळ्यात जास्त येळ लागायचा. निमोण्यात चावडीपाशी आड व्हता आन् चावडीवर पंचायतीचा रेडिओ. बायामाणसांनी चावडीवर बसायची रीत नव्हती. मग थोरली आडावर घागर घासत बसायची. संध्याकाळी रेडिओत एका घरातल्या माणसांची गंमत लागायची, ती संपली की हिची घागर भरायची.

दुसऱ्या दिशी खुरपताना आम्ही इचारायचो, "काय झालं गं त्येंच्या घरात?"

थोरली सासऱ्याचा घोगरा आवाज काढायची. "सासरा म्हनला, चहा फिका झाला. सून म्हनली, मामंजी, तुमच्या बोलण्यातला गोडवा घालायचा इसरले."

"आन् मग?"

"मग काय, हसली समदी, आन् एका पंगतीला जेवाया बसली. सूनबी."

शेजारची म्हातारी म्हनली, "बसंल की. रेडिओत भाकरी थापावी लागत न्हाई."

आमी हसलो. थोरली हसली न्हाई.

ते दुष्काळाचं साल. रेशनची तांबडी ज्वारी, तीबी आधी गड्यांना. मागं उरंल ते आम्हाला, कवा नुसती खरवड. थोरलीला दिस गेल्यालं. पयलं प्वार पोटातच गेलं व्हतं, म्हणून ती भिऊन व्हती. येकदा मला म्हनली, "ह्ये मी जगवणार हाय, बघ."

त्याच सांजंला तिनं सासऱ्याच्या, तिच्या आन् माझ्या नवऱ्याच्या ताटाशेजारी आपलं ताट मांडलं आन् बसली.

"ह्ये काय?" सासरा म्हनला.

"भूक लागलीया, मामंजी."

सासरा ताट सारून उठला. मागनं तिचा नवराबी उठला. सकाळी त्यानं तिला मांडवगणला माहेरी नेऊन सोडली.

तिथं तिला पोरगी झाली. जगली. सासऱ्यानं निरोप धाडला, माफी मागत असंल तर ये. तिचा उलटा निरोप आला, "भूक लागल्याची माफी कशी मागत्यात, ते मला ठावं न्हाई." ती काय परत आली न्हाई. तिकडंच वारली.

माझी पयली सून घरात आली, तवा गडी जेवाया बसल्यावर परात धरून भिताडाला उभी ऱ्हायली. मी म्हनलं, "बस. मीबी बसते."

थोरलं दीर, थोरलीचं मालक, पंगतीत व्हतं. म्हातारं झाल्यालं. सुनंच्या ताटाकडं लई येळ बघत ऱ्हायलं.

पर उठलं न्हाई.